पोस्तेचा पाचवा फाउल

क्रिसान्तो वेर्गाराला बाकावर बसवणारा अजून जन्मलेला नाही, हे सान विसेन्ते गावात लहानथोरांना ठाऊक आहे. कारण क्रिसान्तो वेर्गारा स्वतःच ते सगळ्यांना सांगत आलेला आहे. दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे वाक्य आपणहून निघाल्याचे ऐकिवात नाही.

गाव त्याला पोस्ते म्हणते. पोस्ते म्हणजे विजेचा खांब. हे नाव कौतुकाने पडले, अशी त्याची समजूत आहे. ज्यांनी ते ठेवले त्यांपैकी दोघे हयात आहेत, आणि दोघांचेही सांगणे एकच: खांबासारखा उंच म्हणून नव्हे, तर खांबासारखा एका जागी रोवलेला असतो आणि कुत्र्यांखेरीज कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून.

उंची सहा फूट तीन इंच. किनाऱ्यावरच्या या गावात नारळाखेरीज काहीच उंच वाढत नाही, त्यामुळे अशा उंचीच्या मुलाचे पुढे काय करायचे याबद्दल कोणाला विचार करावा लागला नाही. पंधराव्या वर्षी त्याला बास्केटबॉलच्या रिंगखाली नेऊन उभे केले गेले आणि तो उभा राहिला. तारुण्यात त्याने जे केले त्याला खेळ म्हणणे धाडसाचे होईल. चेंडू हवेत जाई; इतरांचे हात जिथे संपत तिथे त्याचे मनगट सुरू होई; तो चेंडू धरून खाली रिंगमध्ये सोडी, उंच फळीवरचा डबा काढून घ्यावा तसा. या कर्तृत्वावर त्याने किती सामने जिंकून दिले, याचा त्याने सांगितलेला आकडा दर वर्षी वाढत गेला आहे, खेळणे बंद असलेल्या वर्षीसुद्धा.

मनिलाच्या एका कॉलेजने त्याला एकदा निवड-चाचणीसाठी बोलावले होते, एवढे खरे आहे. तिसऱ्या दिवशी तो परत आला, हेही खरे आहे. आई आजारी पडली म्हणून परतावे लागले, असे तो सांगतो. त्या आठवड्यात त्याची आई रोज बाजारात बसून सुकी मासळी विकत होती आणि गिऱ्हाइकांशी दरावरून नेहमीइतक्याच जोमाने भांडत होती, असे तिच्या शेजारी बसणाऱ्या तिन्ही बायका सांगतात. मनिलात सहा फूट तीन इंच उंचीची मुले चेंडू घेऊन धावतात, वळतात, लांबून टाकतात, हे त्याने तिथे पाहिले असावे. त्यावर त्याने आयुष्यभर एकच शेरा मारला: "मोठ्या माणसानं बाहेर उभं राहायचं ते फक्त लघवीला."

त्या काळच्या महापौरांना स्वतःच्या नावाचा संघ हवा होता. पोस्ते त्यात खेळला आणि बक्षीस म्हणून त्याला बाजाराच्या चौकात वाहतूक आवरण्याची नोकरी मिळाली. एका जागी उभे राहणे आणि दुसऱ्याची वाट अडवणे या दोन्ही विद्या त्याला येतच होत्या. नगरपालिकेने शिट्टी तेवढी दिली.

मग गुडघे गेले.

गुडघे जाणे ही काही असामान्य घटना नाही. पण पोस्तेने ती मान्य करायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात दुसऱ्या कोणी नवा धंदा उभारला असता. आधी त्याने बुटांना दोष दिला. मग सिमेंटच्या मैदानाला, मग नव्या चेंडूच्या रबराला. दरम्यान आजूबाजूच्या गावांत डब्याचे दूध प्यायलेली एक पिढी वाढून उभी राहिली, आणि इतरांचे हात जिथे संपत तिथे आता आणखी हातच असत. एका उन्हाळ्यात त्याने लांबून टाकण्याचाही प्रयत्न केला. दुपारी सगळे गाव झोपलेले असताना तो एकटा मैदानावर जाऊन कोपऱ्यातून चेंडू फेकी. मैदानावर पत्र्याचे छप्पर आहे. त्या दुपारांची साक्ष द्यायला कोणी जागे नव्हते, पण छपराच्या लोखंडी कैचीत अडकलेला एक चेंडू अजून तिथेच आहे.

त्याला तारले ते एका शब्दाने. इथल्या भाषेत वयाला गुलांग म्हणतात, आणि वयाबरोबर अंगी येणाऱ्या लबाडीलाही गुलांगच म्हणतात. मराठीत लोणचेही मुरते आणि माणूसही मुरतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे त्या मुरण्याला बास्केटबॉलच्या मैदानावर एक मान्यताप्राप्त कला समजले जाते. एका सामन्यात तोल जाऊन पडता पडता पोस्तेने आधारासाठी पुढच्या मुलाच्या चड्डीची नाडी धरली. मुलगा उडी मारायला गेला आणि जमिनीवरच राहिला. चेंडू पोस्तेच्या हातात आला. शिट्टी वाजली नाही. चाळिशीला टेकलेल्या त्या माणसाला तेव्हा जे कळले ते असे, की आपल्याला वर जाता येत नसेल तर दुसऱ्याला खाली ठेवता येते.

पुढची वर्षे त्याने या एका सिद्धान्ताच्या विस्तारात घालवली. चड्डी धरणे, पाय रोवताना समोरच्याच्या बुटावर रोवणे, आपल्या छातीला पाठ लावून रेटणाऱ्या मुलाच्या मागून ऐन वेळी सरकणे म्हणजे तो आपल्याच जोराने आपटतो, फ्री थ्रोच्या, म्हणजे मोकळ्या फेकीच्या, वेळी हळूच "अनाक, तुझी नाडी सुटलीय" असे सांगणे. अनाक म्हणजे बाळा. या सगळ्याच्या वर त्याचे पडणे. कोणाचा श्वास लागला तरी तो पडे. पडताना "आराय!" असे ओरडे. आराय म्हणजे आई गं. पण पोस्तेच्या गळ्यात त्याचे सूर वेगवेगळे होते. ओळखीच्या रेफरीसाठी आखूड. परगावच्या रेफरीसाठी लांब, शेवटी कंप दिलेला.

त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चेंडू रिंगवरून कुठे उडेल, हे त्याला इतरांच्या आधी कळे. फेकणाऱ्याच्या कोपराकडे एकदा पाहून तो दोन पावले सरके आणि चेंडू तिथेच येई. ही विद्या लबाडीने मिळत नाही. पण तिचे त्याला स्वतःलाच कधी कौतुक वाटले नाही, म्हणून गावालाही वाटले नाही. लोक पाहायला येत ते पडणे.

त्याची बायको लुझविमिंदा, जिला सगळे मिन्दा म्हणतात, मैदानाबाहेर साखरेत तळलेल्या केळ्यांच्या काड्या विकते. तिची पाठ मैदानाकडे आणि तोंड कढईकडे असते. न पाहता, नुसत्या ओरडण्यावरून तिला सगळे कळते.

"आराऽऽय!" असे आतून आले की ती गिऱ्हाइकाला म्हणे, "फाउल मागतोय. मिळणार नाही. दोन काड्या ना?"

सान विसेन्तेची फिएस्ता, म्हणजे गावच्या संताची जत्रा, एप्रिलमध्ये येते, आणि त्या दिवशी दुपारी शेजारच्या मालायाग गावाशी अंतिम सामना असतो. सकाळी संताची मिरवणूक, दुपारी बास्केटबॉल. यांपैकी गाव कशासाठी नटते हे पाद्रीबाबांनी विचारायचे सोडून दिले आहे. या वर्षी सामन्याच्या आदल्या आठवड्यात पोस्तेला बेकरीत बोलावणे आले. बोलावणारा कागावाद तेओ, म्हणजे गावच्या पंचायतीचा सभासद तेओदोरो मारासिगान. तो संघाचा व्यवस्थापक होता, आणि पुढच्या निवडणुकीत गावचा कप्तान, म्हणजे सरपंच, होण्याची त्याची इच्छा त्याच्याखेरीज कोणी लपवत नव्हते.

"कुया पोस्ते, बसा," तेओ म्हणाला. थोरल्या भावाला म्हणतात ते कुया त्याने जरा जास्तच गोड उच्चारले. "पानदेसाल घ्या. गरम पाव आहे, आत्ता भट्टीतनं काढलाय."

"पाव गरम देतोयस म्हणजे सांगणार काहीतरी गार आहेस."

"तसं काही नाही. सुरुवात तुम्हीच करायची. पहिल्या पाचांत तुमचं नाव. लोकांना बरं वाटतं."

"आणि मग?"

"मग दुसऱ्या क्वार्टरला जरा विश्रांती."

"विश्रांती मेलेले घेतात."

"लुसेनाहून एक पोरगा आणलाय. ब्रिक्स. सहा फूट सहा. उड्या मारतो, बाहेरून टाकतो, सगळं करतो."

"भाड्यानं आणलास म्हण की."

"तुम्हाला नव्हतं कोणी आणलं भाड्यानं? ताग्कावायानच्या संघाकडून तांदळाच्या पोत्यावर खेळायला गेला होतात, अजून सांगता ना?"

बेकरीवाल्याने पिठात तोंड घातले. पोस्तेने पाव खाली ठेवला.

"तेओ, नीट ऐक. मला बाकावर बसवणारा..."

"अजून जन्मायचाय. माहीत आहे, कुया. तो जन्मला. दोन हजार सालानंतर जन्मला. सध्या माझ्या ओसरीवर झोपलाय, पाय बाहेर येतात त्याचे."

बेकरीवाला आता उघड हसला.

"मी हाक मारीन तेव्हा निमूट बाहेर या," तेओ उठता उठता म्हणाला. "नाहीतर माइकवरून नाव पुकारायला लावीन. शहरातनं सगळ्यांचे पाहुणे येतात, तुमचेपण येतील. बघा बुवा."

म्हणजे प्रश्न एवढाच होता: फिएस्ताच्या दिवशी, सगळ्या गावादेखत, पोस्तेला हाक मारून बाकावर बसवले जाणार की नाही. आतापर्यंत तो मैदानातून दोनच प्रकारे बाहेर पडला होता, सामना संपल्यावर किंवा पाच फाउल होऊन बाद झाल्यावर. निदान त्याचे म्हणणे तसे होते. एका पुराच्या वर्षी तो स्वतःच बाहेर येऊन बसला होता असे काही जण सांगतात; त्यावर त्याचे उत्तर असे की तेव्हा मैदानात गुडघाभर पाणी होते आणि बाक तरंगत होता, तेव्हा त्याला बसणे म्हणता येत नाही.

मिन्दाने हे सगळे पोस्ते घरी पोहोचण्याआधीच बेकरीवाल्याच्या बायकोकडून ऐकले होते.

"बसलास तर काय होईल?" ती म्हणाली. "बाकाला खिळे आहेत?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं. इतकी वर्षं कढईसमोर उभी आहे, मला कधी कोणी बदली माणूस दिला नाही. कोणी म्हणालं ना, मिन्दा, बस आता, तर त्याला मी जन्मभर फुकट केळी खायला घालीन."

"ते वेगळं."

"हो. कढईसमोर कोणी टाळ्या वाजवत नाही."

पोस्तेकडे बेत होता, आणि बेत त्याच्या बुद्धीच्या मानाने बरा होता. मालायागचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, झेके नावाचा एका कोळ्याचा मुलगा होता. वीस वर्षांचा, पोस्तेपेक्षा चार बोटे उंच आणि होडी ओढून रुंद झालेला. सुरुवातीलाच झेकेच्या अंगावर तीन-चार फाउल चढवायचे. झेकेला त्यांच्या लोकांनी बसवले की पोस्तेला बसवण्याची तेओची छाती होणार नाही. खेळ कसा सुधारावा, याचा विचार या बेतात कुठेही नव्हता.

सामन्याच्या दिवशी पत्र्याचे छप्पर तापून आतली हवा भाकरीसारखी फुगली होती. तेओच्या चेहऱ्याचे चित्र दोन्ही संघांच्या बनियनवर होते. मालायागच्या बनियनवरही, कारण तो दूरदृष्टीचा माणूस होता. रेफरी मांग कान्दिदो. मांग हे वडीलधाऱ्याला लावायचे संबोधन. पण कान्दिदो आणि पोस्ते एकाच वर्गात नापास झालेले होते आणि नारळाची दारू एकाच पेल्यातून पीत. कान्दिदो आंधळा नव्हता. मैत्रीला जागून अधूनमधून डोळे मिटत असे, इतकेच.

पहिल्याच झटापटीत झेकेचा खांदा पोस्तेच्या छातीजवळून गेला. पोस्ते पडला. "आराय!" शिट्टी वाजली.

"सॉरी हं, लोलो," झेके खाली वाकून म्हणाला आणि हात पुढे केला. लोलो म्हणजे आजोबा. "लागलं का हो फार?"

या पोराच्या बोलण्यात टोमणा असता तर पोस्तेने तो आनंदाने परतवला असता. टोमणा नव्हता. त्याला लहानपणी असेच शिकवले होते. पोस्ते हात न धरता उठला.

थोड्या वेळाने दुसरे पडणे, दुसरी शिट्टी. मालायागच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"कान्दिदो! चष्मा गहाण टाकलास का रे?"

"अहो, वारा लागला त्याला! पंखा बंद करा, अजून एकदा पडेल!"

कान्दिदोने कपाळ पुसले. त्यानंतर त्याची शिट्टी त्या बाजूला वाजेनाशी झाली. तिसऱ्यांदा पोस्ते पडला तेव्हा त्याने शेवटी कंपही दिला, पण कान्दिदो पलीकडच्या रिंगकडे धावत निघून गेला होता आणि पोस्ते एकटाच, पाठ जमिनीला लावून, छपरात अडकलेल्या आपल्या चेंडूकडे पाहत राहिला.

मग त्याने चड्डी धरायला हात घातला. चड्डीच्या नाडीला चार गाठी होत्या आणि आत दुसरी घट्ट चड्डी होती. मालायागमध्ये पोस्तेचे खेळ मोबाइलवर टिपून सगळ्यांनी पाहिले होते, हे त्याला माहीत नव्हते. बोटे निसटली, ती कान्दिदोला दिसली आणि या खेपेस त्याला डोळे मिटता आले नाहीत. पोस्तेचा पहिला फाउल. बुटावर बूट ठेवला, दुसरा. पाठीमागून सरकायला गेला, तर झेके टेकलाच नव्हता. पोस्तेच मागच्या मागे कोलमडला आणि आधाराला झेकेचा हात धरला, तिसरा. इतक्या वर्षांत जमवलेली सगळी कला एका क्वार्टरमध्ये, पाठ केलेल्या धड्यासारखी, समोरच्याने आधीच वाचलेली निघाली.

दुसरा क्वार्टर सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि चौथा फाउल झाला. सान विसेन्ते मागे पडले होते. पोस्तेला तोंडाने श्वास घ्यावा लागत होता. बाजूला पाहिले तर बाक अर्धवट उठलेला: लुसेनाचा ब्रिक्स बनियन चड्डीत खोचत गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला होता. म्हणजे खेळ आता जिथे थांबेल, चेंडू रेषेबाहेर जाईल किंवा कोणाची शिट्टी वाजेल, तिथे भोंगा होणार आणि पोस्तेला हाक येणार.

"कुया!" तेओ ओरडला. "पुढच्या थांब्याला!"

"बहिरा झालाय तो," मागून कोणी म्हणाले. "माइकवरनं बोलवा!"

पोस्ते धावला. त्याच्या वयाच्या माणसाने, चार फाउल झालेल्या माणसाने जे करू नये ते केले: पलीकडच्या रिंगकडे सगळ्यांच्या आधी पोहोचण्यासाठी पूर्ण जोर लावला. मालायागच्या एकाने लांबून चेंडू टाकायला कोपर उचलले होते. पोस्तेने ते कोपर पाहिले आणि चेंडू चुकून उजवीकडे उडेल हे त्याला कळले. तो उजवीकडे सरकायला वळला आणि डाव्या टाचेमागे कोणीतरी सणसणीत लाथ मारली.

आवाज स्लिपरचा पट्टा तुटावा तसा झाला. पोस्ते खाली बसला, मग आडवा झाला. त्याने मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते.

न बसलेल्या लाथांसाठी तो आयुष्यभर ओरडत आला होता. ही बसली असे त्याला वाटले, तर मारणारा सापडेना, आणि ओरडायलाही सुचेना. तोंड उघडे राहिले. त्यातून काही बाहेर आले नाही.

गावाने मात्र आपले काम केले.

"गुलांग! गुलांग!" दोन्ही बाजूंनी टाळ्या पडू लागल्या.

"आज आरायसुद्धा नाही! उधारीवर पडलाय!"

"मांग पोस्ते, उठा, जेवण झालंय!"

कान्दिदोने पाहिले आणि मान हलवली. त्याने शिट्टी तोंडाला लावली नाही. मित्रासाठी खोटी शिट्टी वाजवून त्या दिवशी त्याचे पुरेसे हसे झाले होते.

बाहेर कढईसमोर मिन्दाने टाळ्या ऐकल्या, "गुलांग" ऐकले, आणि पुढचे ऐकायची वाट पाहिली. ते आले नाही. तिने झारा खाली ठेवला.

"दोन काड्या," गिऱ्हाईक म्हणाले.

"थांब."

तिने गॅस बंद केला आणि ती आत निघाली. धावली नाही. तिने धावण्यासारखे त्या माणसाने आजवर काही केले नव्हते. पण लग्नानंतर सामना चालू असताना ती मैदानात शिरली ती हीच वेळ, आणि याबाबतीत गावात दुमत नाही.

आत दरम्यान चेंडू रिंगवर नाचून खरोखर उजवीकडे उडाला होता. तो धरायला झेके आला, आणि चेंडू जिथे पडणार तिथे पोस्ते आडवा. झेकेने त्याच्या अंगावर पाय पडू नये म्हणून पाऊल आखडले आणि उडी घ्यायला गुडघे वाकवले. त्या क्षणी खालून एक हात वर आला आणि त्याच्या दोन्ही चड्ड्या, चार गाठींसकट, मुठीत आल्या.

कान्दिदोची शिट्टी वाजली. ती न वाजवणे आता कोणालाच शक्य नव्हते.

हशा इतका झाला की पत्रे वाजले. टेबलाशी ब्रिक्स आत यायला निघाला. भोंगेवाल्याने हात वर नेला आणि तेओ ओरडला, "बदली! बदली! कुया, या बाहेर!"

"थांबा!" जमिनीवरून पोस्ते म्हणाला. "किती झाले ते आधी पुकारा!"

"अहो, काय पुकारायचं, उठा!"

"किती झाले, कान्दिदो?"

कान्दिदो जवळ आला तेव्हा त्याला मित्राची टाच दिसली. घोट्यामागे जिथे जाड शीर असायला हवी तिथे बोटभर खळगा होता; शीर तुटली होती. त्याचा चेहरा उतरला. तरी त्याने उजव्या हाताची पाच बोटे पसरून टेबलाकडे धरली. त्या क्षणी त्याला दुसरे काही करण्यासारखे सापडले नाही.

"पाचवा फाउल," माइकवाला म्हणाला. "वेर्गारा, बाद."

"बदली नाही," पोस्ते म्हणाला. "बाद. ऐकलंस ना, तेओ?"

तोपर्यंत मिन्दा तिथे पोहोचली होती. तिने त्याच्या टाचेकडे पाहिले आणि मग त्याच्या मुठीकडे. मूठ अजून मिटलेली होती आणि झेके चड्डी सावरत, ओणवा, तसाच उभा होता.

"सोड त्याला," ती म्हणाली. "संपलं."

त्याने सोडले.

चौघांनी त्याला उचलून नेले. सकाळी त्याच चौघांनी संत विसेन्तेची मूर्ती खांद्यावर घेतली होती; संत वजनाला हलका होता आणि वाटेत गप्प राहिला होता. पोस्ते मात्र दारापर्यंत दोन्ही बाजूंना सांगत गेला की मला काढलेले नाही, माझे पाच झाले. बाकाजवळून त्याला नेताना त्याने पाय वर धरायला लावले, म्हणजे टेकल्याचे कोणी म्हणू नये.

ब्रिक्स आत आला. सान विसेन्ते सामना वीसपेक्षा जास्त गुणांनी जिंकले, म्हणजे पोस्ते बाहेर गेल्यावर संघाचे जे झाले ते भलेच झाले. "मी त्याला दमवला होता," असे पोस्ते झेकेबद्दल सांगतो. झेके दमलेला दिसत होता, असे पाहणाऱ्यांपैकी कोणीही सांगत नाही.

त्या हाताविषयी तीन म्हणणी आहेत. पोस्तेचे म्हणणे असे की त्याने पूर्ण विचार करून, बदली व्हायच्या आत बाद होण्यासाठी चड्डी धरली. कान्दिदोचे म्हणणे, तो विचार वगैरे काही नव्हता, सवयीचा हात होता. कोंबडीचे मुंडके छाटल्यावर ती पळते तसा. झेकेचे म्हणणे निराळेच आहे. त्याला वाटले, आजोबा उठायला आधार शोधतायत. त्याने शिट्टी वाजायच्या आधीच हात खाली नेला होता, असे तो शपथेवर सांगतो. मोबाइलवर टिपलेल्या दृश्यात झेकेची पाठ कॅमेऱ्याकडे आहे, त्यामुळे त्याचा हात दिसत नाही. मिन्दाला विचारले तर ती म्हणते, "तिन्ही खरं असेल. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, पण हाताचं काय सांगावं?"

पाय प्लॅस्टरमध्ये असतानाच, रजा संपल्यावर पोस्ते चौकात हजर झाला. उभे राहता येत नव्हते, म्हणून नगरपालिकेने सावलीत एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पहिल्या दिवशी सगळा बाजार ती खुर्ची पाहून गेला. बेकरीवाला तर खास दुकान सोडून आला.

"काय मांग पोस्ते, शेवटी बसलात!"

"हा बाक नाही," पोस्ते म्हणाला. "खुर्ची आहे."

हे उत्तर त्याने दुपारपर्यंत सगळ्यांना दिले. संध्याकाळच्या सुमारास झेके मासळीच्या टोपल्या लादलेली तिचाकी गाडी घेऊन मालायागच्या रस्त्याने आला. पोस्तेला पाहून त्याने वेग कमी केला आणि मान लववली.

"लोलो, बरं आहे ना पायाला?"

पोस्तेने तळहात उभा धरला आणि शिट्टी फुंकली. रस्त्यावर त्या वेळी दुसरे एकही वाहन नव्हते. झेके थांबला, आणि पोस्तेने त्याला, मासळीचे पाणी टोपल्यांतून ठिबकत असताना, बराच वेळ थांबवून धरले.